बाग, बांधावरची नेमबाजी आणि बजेट वीस हजार: एकच एअर रायफल कोणती घ्यावी?

बागायतदार_निफाड
रामराम मंडळी. एअर रायफल घ्यायची आहे. बजेट स्कोप (नेमाची दुर्बीण) आणि छर्रे धरून २० हजार, फार तर २२. कामं तीन. द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरलं की बुलबुल, साळुंक्या आणि पोपट घड फोडतात, ते थांबवायचेत. पाखरं नसतील तेव्हा बांधावर ५० मीटरपर्यंत लांबचा नेम साधायचाय. आणि भाचा नववीत आहे, त्याला १० मीटरच्या स्पर्धेत उतरवायचंय.
दुकानात गेलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. ०.१७७ घ्यावी की ०.२२? स्प्रिंग, गॅस की पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेची)? एका रायफलीच्या खोक्यावर सेकंदाला १००० फूट लिहिलंय आणि सोबत ३-९×४० स्कोप फुकट आहे. ती घेऊ का?

पंचवटीकर
दादा, रायफलीचं नंतर बघू. आधी पाखरांचं, कारण त्यावर बाकीचं सगळं ठरतं.
वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ ने अनुसूचीतल्या प्राण्या-पक्ष्यांच्या शिकारीला बंदी आहे. बुलबुल आणि पोपट त्यात येतात. पाखरू मेलं नाही तर गुन्हा नाही, असा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. कलम २(१६) मध्ये शिकारीची जी व्याख्या दिलीय तीत जखमी करणं येतं आणि नुसता प्रयत्नही येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोरासारखा अनुसूची १ मधला पक्षी असेल तर किमान ३ वर्षं, कमाल ७. बंदूक जप्त होते ती वेगळीच.
तुम्ही निफाडचे म्हणून आणखी एक सांगतो. नांदूर मधमेश्वर अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे, २०२० मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरता येत नाही. शेतावरून येताना गाडीत रायफल असेल तर तिकडून वाट काढू नका.
रानडुकरांचा त्रास असेल तर वनविभागाकडे अर्ज करायचा. त्यांच्या परवानगीशिवाय काहीच करता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी छर्ऱ्याची बंदूक त्या कामाची नाही. छर्रा कातडीत अडकतो आणि जनावर पिसाळतं.
थोडक्यात, शिकार हा शब्द यादीतून काढून टाका. मग रायफल निवडणं सोपं होतं.

सातपूर_लेथ
पंचवटीकरांशी सहमत. आता यंत्राचं बोलू.
कॅलिबरचा, म्हणजे नळीच्या व्यासाचा, प्रश्न कायद्यानेच सोडवलाय. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमीपर्यंतची नळी आणि तोंडाशी २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. दोन्हीपैकी एक मर्यादा ओलांडली की लागतो. म्हणजे ०.२२ आपोआप बाद. पत्र्याच्या आणि कागदाच्या लक्ष्यासाठी ०.१७७ च बरी, तिचा छर्रा वाटेत कमी खाली येतो आणि स्वस्तही असतो.
आता त्या १००० फुटांकडे या. १००० फूट म्हणजे सेकंदाला ३०५ मीटर. नेमबाजीत चांगला चालणारा घुमटी छर्रा ८.४४ ग्रेनचा, म्हणजे ०.५४७ ग्रॅमचा. तो खरोखर ३०५ ने सुटला तर ऊर्जा २५ ज्यूलच्या वर जाते. मग एक तर ती रायफल परवान्याची आहे, नाही तर आकडा हलक्या, शिसं नसलेल्या छर्ऱ्यावर काढलाय. बहुतेक वेळा दुसरंच असतं. हलका छर्रा आवाजाच्या वेगाजवळ गेला की डगमगतो आणि लांबवर विखुरतो. २० ज्यूलच्या मर्यादेत ८.४४ ग्रेनचा छर्रा जास्तीत जास्त २७० मीटरने सुटेल. २३० ते २५० मिळाले तरी ५० मीटरला भरपूर झाले. खोक्यावरच्या वेगासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.
स्प्रिंग की गॅस? तुमच्या बजेटात मोडत्या नळीची (नळी दुमडून ताणायची आणि भरायची) रायफलच येते, मग आत गुंडाळीची स्प्रिंग असो की गॅसचा सिलिंडर. गॅसवाल्याची झेप सरळ असते, स्प्रिंगसारखा पीळ बसत नाही, कंपनही कमी. पण निफाडची जानेवारीतली थंडी तुम्हाला माहीतच आहे. पहाटे ७ अंश आणि दुपारी ३० अंश म्हणजे गॅसचा दाब साधारण ८ टक्क्यांनी बदलतो. सकाळी जुळवलेला नेम दुपारी थोडा वर लागतो. स्प्रिंगला हा त्रास जवळपास नाही, शिवाय ती गावात दुरुस्त होते. गॅसचा सिलिंडर गळाला की अख्खा बदलावा लागतो. माझा कल स्प्रिंगकडे. देशी बनावटीत प्रेसिहोलसारख्यांच्या रायफली मिळतात. दुकानात जाताना नावापेक्षा पुढच्या गोष्टी बघा.
नळी मोडून पूर्ण ताणा आणि एक हात नळीवर घट्ट ठेवूनच तिला डावी-उजवीकडे हलवून बघा. बिजागरीला आडवी ढील असेल तर ती रायफल परत ठेवा. ती ढील स्कोपने भरून निघत नाही. छर्रा भरताना बोट नळीच्या तोंडाशी आणि दुसरा हात मोकळा, असं कधीच करू नका. चाप सुटला तर नळी झटक्याने मिटते, बोट जातं आणि नळी वाकते. रिकामी झाडूनही बघू नका. छर्ऱ्याचा अडसर नसला की पिस्टन थेट पुढच्या भिंतीवर आपटतो आणि सील फाटतं. दुकानदार 'बघा किती दमदार' म्हणून रिकामी झाडत असेल तर तो नग घेऊ नका.
जुनी नॅशनल ३५ कुणी स्वस्तात देत असेल तर तिची चामड्याची वॉशर बघून घ्या. चामड्याला अधूनमधून एखाद-दोन थेंब तेल लागतं. नव्या रायफलींचं सील सिंथेटिक असतं, त्यांच्या छिद्रात साधं तेल टाकलं की ते दाबाने पेट घेतं, धूर येतो, फटाका वाजतो आणि स्प्रिंग तुटते. नव्या रायफलीला कारखान्यातलं ग्रीस लागलेलं असतं, म्हणून पहिले शे-दोनशे छर्रे धूर आणि जळका वास येतोच. तोवर नेमावर काही ठरवू नका.

गंगापूररोड_१०मी
भाच्यासाठी वेगळं लिहितो, कारण हे दोन खेळ एका रायफलीत बसत नाहीत.
१० मीटर स्पर्धेची रायफल दाबलेल्या हवेवर चालते, छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटरने सोडते, झटका जवळजवळ नसतो. वजनाची मर्यादा ५.५ किलो. लक्ष्यावरचा १० गुणांचा ठिपका ०.५ मिमी. त्यावर मोडत्या नळीच्या स्प्रिंगने सराव केला तर मूल झटका सांभाळायला शिकतं, पण श्वास, चाप आणि उभं राहण्याची ढब यांकडे दुर्लक्ष होतं. नवी मॅच रायफल तुमच्या बजेटच्या कितीतरी पट आहे, म्हणून आत्ता विकत घेऊच नका. नाशकात क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बामांच्या वेळेपासून नेमबाजी शिकवायची परंपरा आहे. क्लबात रायफल भाड्याने किंवा शुल्कात मिळते. सहा महिने तिथे जाऊ द्या, मग बघा.
पुढे जुनी मॅच रायफल घेतलीत तर सिलिंडरवर छापलेली मुदत आधी वाचा, साधारण १० वर्षांची असते. मुदत संपलेला सिलिंडर कितीही चकचकीत असला तरी घेऊ नका. आणि पीसीपीत फक्त कोरडी, स्वच्छ हवा. वेल्डिंगचा ऑक्सिजन कुणी भरून देतो म्हणाला तर तिथून निघा, ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की स्फोट होतो.
५० मीटरबद्दलही गैरसमज नको. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य घेतलं तो प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन, त्यात काडतुसाची ०.२२ रिमफायर लागते. ती बंदूक परवान्याची. बांधावर एअर रायफलने ५० मीटर मारणं हा वेगळा आनंद आहे, जरूर घ्या, पण भाच्याच्या स्पर्धेशी त्याचा संबंध जोडू नका.

छर्रा_चार_पाच
लांबच्या नेमाचं गणित कुणी दिलं नाही म्हणून देतो. ८.४४ ग्रेनचा घुमटी छर्रा, वेग २४० मीटर, स्कोप नळीपासून ४.५ सेमी वर, झीरो (नेम आणि छर्रा जिथे तंतोतंत जुळवलाय ते अंतर) ३० मीटरला. मग असं लागेल:
१० मीटरला १ सेमी खाली. १५ ला बरोबर. २० आणि २५ ला अर्धा सेमीच्या किंचित वर. ३० ला बरोबर. ४० ला ३ सेमी खाली. ५० ला ९ सेमी खाली.
म्हणजे ३० ला जुळवलं की १२ ते ३३ मीटरपर्यंत ठिपक्यावरच धरायचं. त्याच्या पुढे मात्र अंतर अचूक माहीत हवं. नुसत्या नजरेने ५० चं ४५ वाटतं आणि छर्रा तीन-चार सेमी चुकतो. म्हणून टेप लावून खुंट्या ठोका.
वारा हा खरा शत्रू. सेकंदाला ३ मीटरचा आडवा वारा, म्हणजे द्राक्षाचं पान नुसतं हलेल एवढा, ५० मीटरला छर्रा १० सेमी ढकलतो. ३० ला साडेतीन सेमी, १० ला अर्धा सेमीही नाही. दुपारनंतर वारा वाढतो, लांबचा सराव सूर्य उगवताना करा. खुंटीला सुताचा धागा बांधून ठेवा, १५ आणि ३५ मीटरला एकेक.
छर्रे: चपट्या तोंडाचे १० मीटरच्या कागदासाठी. २५ च्या पुढे घुमटीच. टोकदार छर्ऱ्यांचा फायदा जाहिरातीतच असतो. जेएसबी एक्झॅक्ट ८.४४ हा मापदंड, पण एकाच जातीचे दोन डबे आणून थांबू नका. तीन-चार प्रकार घ्या. डोक्याचा व्यास ४.५०, ४.५१, ४.५२ असा येतो, आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. २५ मीटरला प्रत्येकी ५ छर्ऱ्यांचे दोन गट (एका नेमावर पडलेल्या छिद्रांचा पुंजका) मारा आणि ज्याचा गट लहान तो घ्या, स्वस्त कुठला ते नंतर. डब्यात घागरा (छर्ऱ्याची मागची पोकळ कड) वाकलेला छर्रा बाजूला काढा, तो एकटा गट मोडतो. स्प्रिंग रायफलीने १० मीटरला ५ छर्रे ६-७ मिमीत आणि २५ ला दीड-दोन सेमीत पडले तर रायफल उत्तम. ५० ला ४-५ सेमी आले तर समाधान माना.
बॅकस्टॉप, म्हणजे लक्ष्यामागे छर्रा अडवणारा आडोसा: सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच विसरलं जातं. छर्रा तीन-चारशे मीटर जाऊ शकतो. मातीचा बांध डोक्याएवढा उंच हवा आणि मागे वाट, विहीर, वस्ती काहीच नको. पत्र्याचं लक्ष्य लावलं तर ते पुढे झुकवून टांगा, म्हणजे छर्रा जमिनीत जातो. डोळ्याला चष्मा मारणाऱ्यालाही आणि बघणाऱ्यालाही.

बागायतदार_निफाड
सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. शिकारीचा विषय संपला. ०.१७७, स्प्रिंग, झीरो ३० ला, हे पक्कं. मग दोनच शंका उरल्या. फुकटचा स्कोप घ्यावा का? आणि पाखरांचं काय करू? माझी बाग वाय पद्धतीची आहे, मजुरांना हाकायला ठेवणं परवडत नाही.

दिंडोरी_बाग
पाखरांचं मी सांगतो. त्या लोखंडी अँगल आणि तारांमध्ये छर्रा झाडला तर तो कुठे उसळेल याचा भरवसा नाही, आणि वेलीखाली माणसं असतात. ठिबकच्या नळ्याही फुटतात. शिशाचे छर्रे घडात आणि मातीत पडलेले निर्यातीच्या मालाला परवडत नाहीत.
जाळीच. १८ ते २० मिमी भोकांची यूव्ही टिकाऊ जाळी घ्या. त्याहून मोठ्या भोकाची घेतली तर चिमणी घुसते. पाणी उतरायला सुरुवात होताच लावायची. पाखरांना चव कळल्यानंतर लावली तर ती जागा शोधतातच. फक्त वरून टाकून चालत नाही, कडेने जमिनीपर्यंत सोडायची आणि दगड किंवा यू-खिळ्यांनी दाबायची. जाळी सैल ठेवू नका, सैल जाळीत पाखरू आणि सापही अडकतात, रोज फेरी मारून सोडवावे लागतात. सगळ्या बागेला परवडत नसेल तर झाडांच्या लगतच्या कडेच्या चार-पाच ओळी आधी करा, पाखरं तिकडूनच येतात. चमकत्या पट्ट्या आठवडाभर चालतात, मग पाखरं सरावतात. म्हणून जागा आणि उंची बदलत राहायची.

सातपूर_लेथ
स्कोपचं. फुकटचा असेल तर 'एअरगन रेटेड' आहे का आणि पुढच्या भिंगाभोवती अंतर जुळवायची रिंग आहे का, ते बघा. स्प्रिंगचा झटका आधी मागे आणि मग पुढे बसतो. साधा स्कोप फक्त मागच्या झटक्यासाठी बनलेला असतो, पुढच्या झटक्याने त्याची आतली क्रॉस (नेमाची फुली) ढिली होते. रिंग नसेल तर तो बहुतेक १०० यार्डाला जुळवलेला असतो, १० मीटरला अंधूक दिसतो आणि डोळा जरा सरकला की क्रॉस लक्ष्यावरून सरकते. ३-९×४० पुरेसा, फक्त रिंग ९-१० मीटरपर्यंत खाली यायला हवी. फुकटचा न घेता त्याची किंमत कमी करून घ्या. माउंट (स्कोप रायफलीवर बसवायची पकड) ११ मिमी खाचेचा, एकसंध आणि मागे अडवणारी पिन असलेला. दोन सुट्या रिंगा झटक्याने मागे सरकतात.

बागायतदार_निफाड
रायफल आली. स्प्रिंगची, मोडत्या नळीची, स्कोप वेगळा घेतला. १० मीटरला गट छान. ३० ला दोन अडचणी: वर-खाली करायची टोपी शेवटपर्यंत फिरवली तरी छर्रा ३ सेमी खालीच लागतो. आणि पाच छर्रे दोन वेगळ्या ठिकाणी पडतात, तीन एकीकडे, दोन दुसरीकडे.

सातपूर_लेथ
दोन्हींचं मूळ एक असू शकतं. मोडत्या नळीच्या बऱ्याच रायफलींची नळी मिटल्यावर किंचित खाली झुकलेली असते. स्कोपशिवायच्या उघड्या माशीला ते कळत नाही, स्कोपला कळतं. तुम्ही टोपी टोकाला नेली म्हणजे आतल्या नळीला दाबणारी स्प्रिंग सैल पडली. मग प्रत्येक झटक्याला क्रॉस जागा बदलते आणि गट फुटतो.
आधी टोपी मधोमध आणा: एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत क्लिक मोजा, निम्म्यावर थांबा. मग माउंटच्या मागच्या रिंगच्या खालच्या अर्ध्यात स्कोपखाली पातळ पट्टी द्या. शीतपेयाच्या ॲल्युमिनियम डब्याची पट्टी साधारण ०.१ मिमी असते. दोन रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल तर ०.१ मिमीने ३० मीटरला नेम ३ सेमी वर जातो. पण टोपी मधोमध आणल्यावर छर्रा आत्तापेक्षा जास्त खाली लागेल. तो फरक मोजून मगच किती पट्ट्या ते ठरवा. ०.३ मिमीच्या वर जाऊ नका, स्कोपची नळी चिमटते. तेवढ्याने भागत नसेल तर मागून उंच असलेला ड्रूप माउंट आणा. कोनाच्या पाव मिनिटाचा क्लिक ३० मीटरला २.२ मिमी हलवतो, त्यावर पुढचं बारीक जुळवा.
मग बाकीचे स्क्रू. दस्त्याचे पुढचे दोन आणि चापाजवळचा, तिन्ही ढिले होतात. निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एकेक थेंब लावून आवळा, पण लाकूड चेपेल इतकं नाही. माउंटचे स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. नळीचं सील बघायला सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून झाडा. पट्टी उडाली तर हवा गळते, ओ-रिंग बदला.

छर्रा_चार_पाच
आणि हे सगळं करूनही दोन गट पडले तर धरण्यात फरक आहे. स्प्रिंग रायफल आवळून धरायची नाही, कठीण वाळूच्या पिशवीवरही टेकवायची नाही. डावा तळवा उघडा ठेवून चापाच्या कड्याच्या जरा पुढे रायफल नुसती ठेवा, बोटं मिटू नका. गाल हलका, खांद्याला जेमतेम टेकलेली. छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल हललेली असते, तिला दर वेळी सारखंच हलू द्यायचं. तळव्याची जागा दोन सेमी बदलली तरी ३० मीटरला गट सरकतो, म्हणून दस्त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून जागा पक्की करा. झाडल्यावर लगेच मान वर करू नका, क्रॉस कुठे थांबली ते बघा. क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर १० छर्ऱ्यांचा वेग मोजा. सगळ्यात जलद आणि सगळ्यात हळू यांत ८-९ मीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोष सीलमध्ये शोधा, हातात नाही.